नळीवरचं गाव

आमच्या घरात सगळ्यांत आधी आजी वाकली. साल १९७३, गाव बार्शी, मी नऊ वर्षांची. सकाळी ती चुलीपुढून उठायला गेली आणि कमरेत काटकोन करून, भिंतीला धरून तशीच उभी राहिली. "घोट्यात कुणी खिळा ठोकल्यागत झालंया गं," म्हणाली. संध्याकाळपर्यंत अंग तव्यासारखं तापलं. तिसऱ्या दिवशी आई पडली, चौथ्या दिवशी मी आणि अण्णा एकदमच. अण्णा एका अडतीवर मुनीम होते. ताप पाच दिवसांत उतरला, पण पुढचे दोन महिने त्यांना पेन धरवेना. खतावणी माझा थोरला भाऊ लिहायचा आणि अण्णा शेजारी बसून आकडे सांगायचे.

माडीवर राहणारी माणसं एकेक पायरी बसत बसत उतरायची. आम्ही पोरं त्यांची नक्कल करायचो आणि आपल्यावर पाळी आली की रडायचो. गावात साधारण तीन माणसांमागे एकाला तरी हा ताप येऊन गेला. आमच्या गल्लीत मेलं मात्र कुणी नाही. हे वाक्य जरा बाजूला काढून ठेवा, पुढं लागणार आहे.

ते दुष्काळाचं साल होतं. बाहत्तरचा म्हणतात तो दुष्काळ त्र्याहत्तरातही उतरला नव्हता. माणसं खडी फोडायला जात होती, शाळेत सुकडी मिळायची, घरात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोच्या भाकऱ्या. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, म्हणून घरातलं भांडंन् भांडं भरलेलं असायचं: रांजण, हंडे, घंगाळ, तेलाचे रिकामे डबे, न्हाणीतला दगडी हौद. पाण्याच्या थेंबाला जपणाऱ्या घरात एडीस इजिप्ती या डासाचा संसार कसा थाटात चालतो, हे मला फार पुढे वर्गात शिकवताना कळलं. हा गटारातला डास नव्हे, याला साठवलेलं चांगलं पाणी लागतं. मादी अंडी घालते ती पाण्यावर नाही, तर भांड्याच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या रेषेच्या जरा वर. ती अंडी महिनोन्‌महिने कोरडी राहतात आणि पाणी चढलं की फुटतात. म्हणजे रांजण नुसता ओतून भागत नाही, आतून घासावा लागतो. आमची आजी रांजण रोज बाहेरून पुसायची. आतून घासायचा तर पाणी सांडावं लागलं असतं, आणि त्या साली पाणी सांडणं हे पाप होतं.

मग एके दिवशी गल्लीत तिघेजण आले. कोणत्या खात्याचे, ते आम्हा पोरांना काय कळणार? एकाच्या हातात थर्मास होता, दुसऱ्याकडे सुया उकळायचा पत्र्याचा डबा. आजीच्या दंडाला रबरी नळी बांधून काचेच्या पिचकारीत त्यांनी रक्त ओढलं. आजीनं विचारलं, "सायेब, ह्या रगताचं काय करणार?"

"तपासणार, आजी."

"मंग आमाला कळवा बरं का."

ते हसून हो म्हणाले. साथीत रक्त घेतात ते काही प्रत्येकाला चिठ्ठी पाठवण्यासाठी नव्हे, हे आज मला समजतं. आजीला ते कधी समजलं नाही. पोस्टमन दिसला की वर्षभर ती विचारायची, माझ्या रगताचं काय आलं का?

पुढे मी एकतीस वर्षं सूक्ष्मजीवशास्त्र शिकवलं. विषाणूच्या स्ट्रेनला मी वर्गात वाण म्हणायचे. इंग्रजी शब्द ऐकून मुलं नुसत्या माना डोलवायची, वाण म्हटलं की डोळ्यांत ओळख यायची. सोलापूर जिल्ह्यातल्या पोराला मालदांडी आणि हायब्रीड यांतला फरक सांगावा लागत नाही. शिवाय ज्वारीच्या वाणासारखाच विषाणूचा वाणही कुठल्यातरी मातीतून, कुठल्यातरी माणसातून उचललेला असतो. प्रयोगशाळेतल्या शीतपेटीत काचेच्या नळ्यांवर चिकटवलेली नावं वाचत गेलं की भूगोलाचं पुस्तक वाचल्यासारखं वाटतं: हवाई, न्यू गिनी, नाकायामा, कोलार, असिबी. डासांकडून येणाऱ्या विषाणूंविरुद्धच्या लशींचा इतिहास मी या नळ्यांवरच्या नावांवरूनच शिकवायचे. त्यांत असिबी पहिला, कारण ते गावाचं नव्हे, माणसाचं नाव आहे.

असिबी हा गोल्ड कोस्टचा, म्हणजे आजच्या घानाचा, क्पेवे नावाच्या खेड्यातला २८ वर्षांचा तरुण. १९२७ च्या जूनअखेर त्याला ताप आला. त्या वेळी रॉकफेलर फाउंडेशनचं पथक पश्चिम आफ्रिकेत पीतज्वराच्या मागे लागलं होतं. हा आजार डासाकडून पसरतो हे क्यूबात १९०० मध्येच सिद्ध झालं होतं, पण त्याचा जंतू कुणाच्या हाती लागत नव्हता. पथकानं गिनीपिग पाहिले, आफ्रिकेतली माकडं पाहिली. रोग्यांचं रक्त टोचलं तरी कुणाला काही होईना. आफ्रिकेतली माकडं पिढ्यान्‌पिढ्या या विषाणूच्या शेजारात नांदलेली, ती कशाला आजारी पडतील? शेवटी लाल तोंडाचं ऱ्हीसस माकड आणलं गेलं. हे मूळचं आपल्याकडचं, उत्तर भारतात देवळांच्या आवारात धुमाकूळ घालणारं. (आपल्या बार्शी-पुण्याकडचं टोपीवालं माकड निराळं.) असिबीचं रक्त त्याला टोचलं आणि ते चार-पाच दिवसांत मेलं. त्या माकडानं पीतज्वर कधी पाहिलाच नव्हता. विषाणूला आपला चेहरा दाखवायला अनोळखी प्राणी लागला.

असिबी वाचला, बरा झाला. पण त्याच्या नमुन्यांवर काम करणारा एड्रियन स्टोक्स हा आयरिश डॉक्टर त्याच सप्टेंबरात लागोसला पीतज्वरानं गेला. पुढच्या मे महिन्यात अक्राला हिदेयो नोगुची हा जपानी शास्त्रज्ञ गेला. पीतज्वराचा जंतू आपण आधीच शोधलाय, असं सांगून बसलेला आणि ते चुकीचं ठरताना पाहिलेला हा माणूस. त्याचं शवविच्छेदन करणारा विल्यम यंगही काही दिवसांतच गेला. वर्गात हे सांगताना मागच्या बाकावरची पोरंसुद्धा गप्प व्हायची.

असिबीच्या त्या रक्तापासून लशीपर्यंतचा रस्ता मॅक्स थायलर यानं चालून दाखवला. प्रिटोरियात जन्मलेला हा माणूस हार्वर्डमध्ये काम करत होता. माकडं महाग पडत, म्हणून १९३० मध्ये त्यानं साध्या पांढऱ्या उंदराच्या मेंदूत विषाणू टोचून पाहिला आणि उंदीर आजारी पडले. माकडाचं काम उंदरावर आलं. या खटपटीत त्याला स्वतःलाही पीतज्वर होऊन गेला, पण सौम्य. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत त्यानं असिबीचा वाण उंदराच्या भ्रूणाच्या ऊतींत वाढवला, मग कोंबडीच्या भ्रूणाच्या ऊतींत, आणि नंतर त्याच ऊतींतून मेंदू आणि मज्जारज्जू काढून टाकून, म्हणजे विषाणूच्या आवडीचं खाणं पानातून उचलून. एका भांड्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात. १७ डी नावाच्या या ओळीत ८९ व्या आणि ११४ व्या फेरीच्या दरम्यान कधीतरी विषाणूनं आपला विखार टाकला. नेमका कधी आणि का, ते त्या वेळी कुणालाच सांगता येईना. पुढे ऐंशीच्या दशकात दोन्ही विषाणूंच्या जनुकांची अक्षरं लावून पाहिली, तेव्हा असिबी आणि १७ डी यांच्यात १०,८६२ अक्षरांपैकी ६८ अक्षरांचा फरक निघाला.

हे मुलांना समजावताना मी मालदांडी काढायचे. आपल्या मोहोळच्या केंद्रावर ज्वारीचा एम ३५-१ हा वाण निघाला तो असाच निवडीतून. चांगली कणसं राखायची, त्यांचंच बी पेरायचं, पुन्हा राखायची. कणसाच्या आत काय बदललं ते शेतकऱ्याला दिसत नाही, भाकरी मात्र कळते. थायलरची भाकरी म्हणजे टोचल्यावर जिवंत राहिलेलं माकड. तुलना लंगडी आहे हे मला ठाऊक आहे. लंगड्या तुलनेवर वर्ग चालतो, एवढंच.

१९३७ मध्ये लस ब्राझीलमध्ये टोचायला घेतली आणि १९३८ संपेपर्यंत तिथे दहा लाखांवर माणसांनी ती घेतली होती. असिबीच्या तापापासून दहा वर्षं. एवढी घाई का झाली, ते विचारलं पाहिजे. पनामा कालवा खणताना फ्रेंचांची हजारो माणसं या तापानं आणि मलेरियानं नेली होती. अमेरिकेच्या बंदरांना, फौजांना आणि व्यापाराला हा ताप परवडणारा नव्हता. पैसा होता, निकड होती आणि विषाणू एकाच जातीचा होता. या तीन गोष्टी एकत्र येणं फार दुर्मीळ.

कालव्याची झळ आपल्यालाही लागणार होती, निदान भीती तशी होती. पनामा कालवा १९१४ मध्ये उघडला, पण त्याआधीच हिंदुस्थान सरकारनं एस. पी. जेम्स या आपल्या वैद्यकीय अधिकाऱ्याला पूर्वेकडची बंदरं पाहायला धाडलं होतं. जहाजं आता अमेरिकेतून थेट इकडे येणार, आणि मुंबई-कलकत्त्यात डास तोच, माणसं कधी हा ताप न पाहिलेली. काडी तेवढी पडायची बाकी. ती काडी आजवर पडलेली नाही. का पडली नाही, यावर शास्त्रज्ञ अजून वाद घालतात. माझा भाचा नोकरीसाठी नैरोबीला निघाला तेव्हा पिवळं पुस्तक, म्हणजे पीतज्वराची लस घेतल्याचा दाखला, मिळवण्यासाठी पहाटे रांगेत उभा राहिला होता. मला फोनवर वैतागून म्हणाला, "मावशी, जो रोग आपल्याकडे नाही त्याची लस एवढी सक्तीची, आणि जे आहेत त्यांचं काय?" त्याच्या दंडात गेलं ते असिबीच्या रक्तातून निघालेलं होतं. मी सांगितलं तर म्हणाला, "रांगेत कुणी सांगितलं नाही."

लशीच्या गोष्टीत एक काळा अध्याय आहे आणि तो मी कधी गाळला नाही. लस टिकावी म्हणून तिच्यात माणसाच्या रक्तातला द्रव मिसळत. १९४२ मध्ये अमेरिकी सैनिकांना जी लस दिली, तिच्या काही घाण्यांतल्या द्रवात कावीळ ब चा विषाणू होता. अंदाजे ३,३०,००० सैनिकांना संसर्ग झाला आणि सुमारे ५०,००० जण काविळीनं पडले. पिवळ्या तापापासून वाचवायला गेलेली लस माणसांना पिवळं करून गेली. पुढे मानवी द्रव काढून टाकला. थायलरला १९५१ मध्ये नोबेल मिळालं.

त्यानंतर लगेच, १९५२ मध्ये, रॉकफेलर फाउंडेशन आणि आपली वैद्यकीय संशोधन परिषद यांनी मिळून पुण्यात व्हायरस रिसर्च सेंटर काढलं. आजची राष्ट्रीय विषाणू संस्था तीच, हे नाव १९७८ मध्ये पडलं. सुरुवातीच्या कामांत स्मिथबर्न, कर आणि गटणे यांनी देशातल्या ठिकठिकाणच्या लोकांच्या रक्ताची तपासणी केली. स्मिथबर्न युगांडातून आलेला, वेस्ट नाइल हा विषाणू १९३७ मध्ये त्यानंच एका बाईच्या रक्तातून वेगळा केलेला. भारतीय रक्तात त्यांना आफ्रिकेतल्या रानांची नावं असलेल्या विषाणूंच्या खुणा सापडल्या, त्यांत झिकाही होता. झिकाचं मूळ नाव युगांडातल्या एका रानाचं आणि तो १९४७ मध्ये पहिल्यांदा मिळाला तो त्या रानात झाडावर पिंजऱ्यात टांगून ठेवलेल्या एका ऱ्हीसस माकडात. पुन्हा आपलंच माकड. कुणी त्याचं प्रवासवर्णन लिहायला हवं होतं.

ऐंशीच्या दशकात एम.एस्सी.ला असताना मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेचं प्राणिघर पाहिलं. भुसा, मूत आणि जंतुनाशक यांचा मिळून एक वास असतो, तो नाकातून आठवडाभर जात नाही. विषाणू पकडायचा तर दोन-तीन दिवसांचं, अजून डोळेही न उघडलेलं, घेवड्याच्या दाण्याएवढं गुलाबी पिल्लू घ्यायचं आणि बारीक सुईनं त्याच्या मेंदूत ०.०२ मिलिलिटर द्रव सोडायचा. तिथला जुना माणूस मला म्हणाला, "ताई, टोचणं सोपं आहे. पिल्लाला माणसाचा वास लागला तर आई खाऊन टाकते. म्हणून आधी हात तिच्या भुशात घोळवायचे." हे कुठल्या पाठ्यपुस्तकात नव्हतं. विषाणू संशोधनाचा अर्धा इतिहास अशा भुशात घोळवलेल्या हातांचा आहे.

त्या उंदरांच्या मेंदूतूनच जपानी मेंदूज्वराची पहिली लस निघाली. जपानात १९२४ मध्ये या आजाराची मोठी साथ आली, सहा हजारांवर रोगी, त्यांतले निम्म्याहून जास्त मेले. १९३५ मध्ये एका रोग्याकडून मिळालेला वाण म्हणजे नाकायामा. तो उंदरांच्या मेंदूत वाढवायचा, मेंदू वाटायचा, फॉर्मालिननं विषाणू मारायचा, गाळून शुद्ध करायचा. जपाननं १९५४ मध्ये ही लस वापरात आणली, आपल्याकडे ती कसौलीला होऊ लागली. तीन सुया घ्यायच्या आणि लस नेहमी अपुरी. उंदीर किती वाढवणार आणि किती मारणार?

आपल्याकडे हा आजार १९५५ मध्ये वेल्लोरकडच्या रोग्यांत ओळखला गेला. भातखाचरातलं पाणी, तिथे येणारे बगळे, गावातली डुकरं आणि क्युलेक्स जातीचे डास, असा याचा गोतावळा. त्यातल्या एका डासाचं शास्त्रीय नाव क्युलेक्स विष्णुई आहे. बार्शीच्या भगवंताला हे कुणी सांगू नये. माणूस या साखळीत चुकून सापडतो, आणि सापडतं ते बहुधा खेड्यातलं लहान पोर. १९७३ मध्ये आम्ही बार्शीला वाकून चालत होतो, त्याच वर्षी बंगालात बांकुडा आणि बर्धमानला याची पहिली मोठी साथ आली. २००५ मध्ये गोरखपूरकडे मुलं गेली. बळींचा आकडा हजाराच्या पुढे, बहुतेक पंधरा वर्षांखालची. त्याच वर्षी जपाननं उंदराच्या मेंदूपासूनच्या लशीची शिफारस थांबवली, एका मुलीला लशीनंतर मेंदूचा गंभीर दाह झाला म्हणून. तिकडे एका मुलीसाठी लस थांबली, इकडे हजार मुलं लशीवाचून गेली. दोन्ही बातम्या मी एकाच वहीत चिकटवल्या आहेत. जपाननं केलं ते बरोबरच होतं, असं मला वाटतं. तरी ती वही उघडली की त्रास होतो.

२००६ मध्ये केंद्र सरकारनं चीनमधून लस आणली. तिच्या नळीवर गावाचं नाव नाही, नुसतं एसए १४-१४-२. मूळ विषाणू १९५४ मध्ये शिआन शहरात डासांच्या अळ्यांतून काढलेला, मग हॅमस्टरच्या मूत्रपिंडाच्या पेशींत फेऱ्या देऊन गरीब केलेला. चीन ती १९८८ पासून आपल्या मुलांना टोचत होता. आपल्याला तिची आठवण व्हायला गोरखपूर लागलं. २०१३ मध्ये हैदराबादेत तयार झालेली देशी लस आली, आणि तिचा वाण कोलारचा, १९८१ मध्ये तिथल्या एका रोग्याकडून मिळालेला आणि पुण्यानं सांभाळलेला. म्हणजे ३२ वर्षं एक नळी थंडीत वाट पाहत बसली होती. ही लस वाढते व्हेरो नावाच्या पेशींत, आणि त्या पेशी १९६२ मध्ये जपानात आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून काढलेल्या. आफ्रिकेच्या तापासाठी आपलं माकड गेलं आणि आपल्या पोरांच्या तापासाठी आफ्रिकेचं माकड आलं. फेड झाली म्हणायची.

डेंग्यूवर मी फार बोलत नाही. त्याची गोष्ट अजून चालू आहे, आणि चालू गोष्टीवर मास्तरांनी भाष्य केलं की पुढच्या वर्षी तोंडघशी पडायला होतं. तरी एवढं सांगते की त्याचे चार प्रकार आहेत आणि एकदा होऊन गेलेला डेंग्यू दुसऱ्या प्रकाराच्या वेळी रक्षण करायच्या ऐवजी कधीकधी घात करतो. दुसऱ्या महायुद्धात साबिननं (तोच पुढचा पोलिओच्या थेंबांचा) हवाई आणि न्यू गिनीतल्या सैनिकांच्या रक्तातून दोन प्रकार वेगळे केले. बाकीचे दोन १९५६ मध्ये मनिलाला मिळाले. चौघांना एकाच कुपीत भांडण न करता बसवायचं, हे दुखणं. फिलिपाईन्समध्ये २०१६ पासून आठ लाखांवर शाळकरी मुलांना एक लस दिली, आणि २०१७ च्या अखेरीस तिच्या उत्पादकांनीच सांगितलं की ज्यांना आधी डेंग्यू झालेला नाही त्यांना ती धोक्याची ठरू शकते. तिथल्या आईबापांचा लशीवरचाच विश्वास उडाला. आपल्याकडे २०२४ मध्ये रोहतकला एका देशी लशीची मोठी चाचणी सुरू झाली, वाण अमेरिकेतले. बघू.

मला परत बार्शीला यायचंय.

आमच्या तापाचं नाव चिकनगुनिया. हा शब्द टांगानिकातल्या माकोंडे लोकांच्या भाषेतला, अर्थ साधारण 'वाकवणारा'. १९५२-५३ मध्ये तिथल्या पठारावर साथ आली तेव्हा हा विषाणू पहिल्यांदा वेगळा केला. आजीला पाहून कुणीही हेच नाव ठेवलं असतं. १९६३ मध्ये तो कलकत्त्यात आला, १९७३ मध्ये बार्शीला, आणि मग जणू देश सोडून गेला. बत्तीस वर्षं त्याचं नाव नाही. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात त्याला एक ओळ होती, तीही परीक्षेला येत नसे. मी वर्गात सांगायचे, हा मला झालेला आहे, तर मुलांना मी गंमत करते असं वाटायचं.

इथे ते बाजूला काढून ठेवलेलं वाक्य लागतं: मेलं कुणी नाही. जो ताप माणूस मारत नाही, फौज अडवत नाही, जहाज थांबवत नाही, तो फक्त मुनिमाची बोटं आणि म्हातारीचे घोटे धरतो. त्याच्यासाठी कालव्याचा पैसा येत नाही. लस करायचं काम झालंच नाही असं नाही. अमेरिकी सैन्याच्या प्रयोगशाळेनं थायलंडमधल्या १९६२ च्या एका रोग्याचा वाण गरीब करून लस बनवली, ५९ जणांना टोचली, ५८ जणांत प्रतिकारशक्ती आली. पाच जणांचे सांधे थोडे दिवस दुखले. अहवाल २००० साली छापून आला आणि काम कपाटात गेलं. त्या घडीला हा ताप कुणाच्याच डोळ्यांपुढे नव्हता.

२००५ च्या अखेरीस तो परतला. आंध्र, कर्नाटक, मराठवाडा, सोलापूर. २००६ मध्ये देशात सुमारे १३ लाख ९० हजार संशयित रुग्ण मोजले गेले, न मोजलेले किती ते ज्याचं त्याला ठाऊक. नावात चिकन आहे म्हणून लोकांनी कोंबडी खाणं सोडलं. माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतला शिपाईही सोडून बसला होता आणि मी समजावल्यावर म्हणाला, "मॅडम, तुमचं खरं असंल, पण बायको करून वाढत नाही."

पुण्याच्या संस्थेनं जुन्या नळ्या बाहेर काढल्या आणि नव्यांशेजारी ठेवून अक्षरं लावली. २००७ मध्ये तो शोधनिबंध माझ्या हाती आला. कलकत्त्याचा १९६३ चा आणि महाराष्ट्रातला १९७३ चा वाण आशियाई घराण्यातले. २००६ चा मात्र आफ्रिकी घराण्यातला, म्हणजे जुना पाहुणा परतला नव्हता, दुसराच त्याच्या नावानं आला होता. आणि मधे एक नळी २००० सालची, यवतची, एडीस डासांतून काढलेली, तीही आफ्रिकी. साथीच्या पाच वर्षं आधी तो यवतमध्ये होता. यवत म्हणजे पुणे-सोलापूर रस्त्यावरचं, आमची बार्शी गाडी जिथून जाते ते. किती वेळा मी त्या फाट्यावर खिडकीतून हात काढून शेंगा घेतल्या असतील.

आज लस आहे म्हणायची तर आहे. रियुनियन बेटावरच्या २००६ च्या साथीतल्या वाणापासून युरोपात केलेली एक लस २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाली. २०२५ मध्ये त्याच बेटावर पुन्हा साथ आली तेव्हा ती वृद्धांना टोचली, काही जण गंभीर आजारी पडले, आणि फ्रान्सनं ती ६५ च्या पुढच्यांना देणं थांबवलं. त्याच वर्षी अमेरिकेनंही तिचा परवाना स्थगित केला. ज्यांचे सांधे आधीच कुरकुरतात त्यांनाच ती सोसेना. मी तेव्हा एकसष्टची होते.

त्या शोधनिबंधात १९७३ च्या नळीचं नाव आहे आयएनडी-७३-एमएच५. आयएनडी म्हणजे भारत, एमएच म्हणजे महाराष्ट्र. २००७ च्या दिवाळीत बार्शीला गेले तेव्हा ते पान सोबत नेलं होतं. आजीला जाऊन एकोणीस वर्षं झाली होती, अण्णाही नव्हते. आई न्हाणीत रांजण घासत होती, आतून. मी सवय लावली होती. तिला पान दाखवलं आणि सांगितलं की त्या साथीतला विषाणू पुण्याला अजून सांभाळून ठेवलाय.

"म्हंजे आत्याबाईंचं रगत?"

"रक्त नव्हे गं, त्यातला विषाणू. आणि कुणाच्या रक्तातला, ते नळीवर लिहिलेलं नाही. तिघांनी गल्लीत किती जणांचं घेतलं होतं."

"कुनाचं का असंना. कसं ठेवलंय म्हनलीस?"

"थंडीत. उणे सत्तर अंशाला."

आईनं हात झटकले, पदराला पुसले आणि रांजणावर झाकण ठेवलं.

"आत्याबाईंना थंडी सोसत नव्हती," म्हणाली.